सर्व्हेचा रिपोर्ट हातात आला, आता कोचने करायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही निवृत्त शिक्षिका, स्वतःच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बरीच वर्षं संडे स्कूल सांभाळलेलं, चर्चच्या संघटनेने दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊन तुम्हाला मंडळ्यांना मदत करणारी स्वयंसेवक कोच नेमलं आणि दोन मंडळ्या दिल्या. पहिल्या मंडळीत निरोगी मंडळीचे आठ गुण मोजणारा सर्व्हे झाला, त्यात छोटे गट (म्हणजे थोडी माणसं जमून प्रार्थना आणि बायबलचा अभ्यास करतात ते) सगळ्यात खाली आले, आकडा ३८. रिपोर्ट थेट कमिटीच्या मीटिंगमध्येच उघडला गेला, पाळक (पास्टर) दुखावले, दोघं-तिघं 'आम्ही म्हणतच होतो' म्हणून खूश झाले, आणि आता सगळे तुमच्याकडे बघून म्हणतायत की ताई, काय करायचं ते सांगा. मधल्या मध्ये एक-दोघांनी तुम्हाला घरी फोन करून पाळकांच्या तक्रारीही ऐकवल्या. त्यात संघटनेकडून तिसरी मंडळी घ्याल का अशी विचारणा. आणि तुम्ही विचारलंय की छोटे गट सुरू कसे करायचे.

गटांबद्दल सांगतो, पण नंतर. कारण मला दिसतंय ते असं की चार बाजूंनी चार जण तुम्हाला वेगवेगळ्या खुर्चीत बसवायला बघतायत. रिपोर्टवाल्यांना तुम्ही परीक्षक हव्या आहात, पाळकांना वाटतंय तुम्ही संघटनेच्या ऑफिसने पाठवलेल्या आहात, तक्रारवाल्यांना हक्काचा कान मिळालाय, आणि बाकी कमिटीला कोणीतरी येऊन काम करून देणारं माणूस हवंय. यातली शेवटची खुर्ची सगळ्यात धोक्याची, कारण ती मानाची वाटते. शिक्षिका म्हणून तुम्हाला गट कसे पाडायचे, अभ्यास कसा आखायचा, हे सगळं येत असणार, तुम्ही सहा महिन्यांत तीन गट उभेही कराल, आणि तुमचं येणं थांबलं की दोन महिन्यांत ते बंद पडतील. मी नोकरी सांभाळून हेच काम बरीच वर्षं करतोय आणि असे बंद पडलेले गट बऱ्याच मंडळ्यांत बघितलेत. कोणीतरी बाहेरचा उत्साहाने सुरू करून गेलेला असतो आणि कपाटात त्याच्या पुस्तिकांचा गठ्ठा तेवढा उरलेला असतो. तेव्हा या मंडळीचं काम मंडळीच्याच हातात कसं ठेवायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं धरून मी पुढे लिहितो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पहिली म्हणजे मंडळी केवढी आहे. रविवारी सरासरी किती माणसं येतात? आर्लिन रोथॉज नावाच्या, अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या पाळकांनी १९८० च्या दशकात आकारावरून मंडळ्यांचे चार प्रकार मांडले होते, ते मला अजून उपयोगी पडतात. ५० पर्यंत उपस्थिती असेल तर ती मंडळी एका मोठ्या कुटुंबासारखी चालते, आणि तिथे पाळकांपेक्षा एखाद्या जुन्या काकांचा किंवा आजींचा शब्द शेवटचा असतो. ५० ते १५० मध्ये सगळं पाळकांभोवती फिरतं, प्रत्येकाला वाटतं पाळकांनी मला ओळखावं, माझ्या घरी यावं. १५० ते ३५० मध्ये वेगवेगळे उपक्रम आणि त्यांचे प्रमुख मंडळी चालवतात, आणि त्यापुढे तर ती संस्थाच होते. आता बघा, तुमची मंडळी ४० जणांची असेल तर ती सगळीच्या सगळी एक छोटा गट आहे, तिथे छोट्या गटांचा स्कोअर कमी येणारच, त्यात रडण्यासारखं फार काही नाही. पण १२० जणांची असेल आणि सगळ्यांची खुशाली ठेवायचा भार एकट्या पाळकांवर असेल, तर तोच ३८ अगदी वेगळं काहीतरी सांगतोय. म्हणून आकडा बघायच्या आधी एका रविवारी मागच्या बाकावर बसा आणि नुसती माणसं मोजा. उपासना संपल्यावर कोण थांबतं, कोण कोणाशी बोलतं, कोण एकटं चप्पल घालून निघून जातं, तेही बघा.

दुसरी गोष्ट, पाळक कोण नेमतं. वरून बिशप किंवा कॉन्फरन्स (अनेक मंडळ्यांची मिळून असलेली वरची सभा) नेमत असेल आणि दर काही वर्षांनी बदली होत असेल, तर कमिटीच्या मनात 'हे जातील, आम्ही राहू' असं असतंच, आणि पाळकांच्याही मनात असतं की आपण जाणारच आहोत. मंडळीनेच पाळक बोलावलेले असतील तर कोचचा रिपोर्ट हा त्यांच्या नोकरीचा कागद होऊ शकतो. दोन्हीकडे पाळकांची भीती खरी असते, फक्त कारण वेगळं.

तिसरी गोष्ट, भांडण कुठवर गेलंय. मंडळ्यांमधल्या वादांवर काम केलेले अमेरिकन सल्लागार स्पीड लीस यांनी मंडळीतल्या संघर्षाच्या पाच पायऱ्या सांगितल्यात. पहिलीवर एखादी अडचण असते आणि लोक मिळून ती सोडवतात. दुसरीवर मतभेद असतो, लोक शब्द जपून वापरतात, थोडं अंतर ठेवतात. तिसरीवर जिंकणं-हरणं सुरू होतं, तट पडतात, चौथीवर समोरच्याला घालवायचंच किंवा आपण निघून जायचं एवढंच उरतं, आणि पाचवीवर तर घालवूनही समाधान होत नाही. माझा अनुभव सांगतो, पहिल्या दोन पायऱ्यांवर कोच पुरतो. तिसरीवर एकट्याने जाऊ नये, आणि चौथीच्या पुढे कोचिंग थांबवून प्रशिक्षित मध्यस्थ बोलवावा लागतो. तुमच्या लिहिण्यावरून मला ती मंडळी दुसरी आणि तिसरीच्या मध्ये वाटते. 'आम्ही म्हणतच होतो' हे वाक्य साधारण तिथलंच.

आता सर्व्हे. तुमच्या वर्णनावरून हा ख्रिश्चन श्वार्त्स या जर्मन अभ्यासकाच्या पद्धतीचा आहे. १९९६ मध्ये त्यांनी ३२ देशांतल्या १००० हून जास्त मंडळ्यांच्या पाहणीवरून आठ गुण मांडले. इतरांना सक्षम करणारं नेतृत्व, कृपादानांनुसार (देवाने ज्याला जी देणगी दिली तिच्याप्रमाणे) सेवा, उत्कट आध्यात्मिकता, कामाला येणारी रचना, प्रेरणा देणारी उपासना, सर्वांगीण छोटे गट, गरज ओळखून सुवार्ता, आणि प्रेमाचे संबंध. या सर्व्हेचा आकडा वाचताना जवळपास प्रत्येक कमिटी एकच चूक करते, ती म्हणजे ३८ म्हणजे १०० पैकी ३८ मार्क. तसं नाहीये. ५० म्हणजे सरासरी मंडळी अशी ती पट्टी बसवलेली असते आणि बहुतेक मंडळ्या ३५ ते ६५ च्या मध्ये कुठेतरी येतात. म्हणजे ३८ सरासरीच्या खाली आहे खरं, पण शाळेत नापास झाल्यासारखं तोंड करायचं काही कारण नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही हे पाच मिनिटांत फळ्यावर समजावून द्याल, आणि नुसतं एवढं केलंत तरी त्या खोलीतली निम्मी हवा हलकी होईल.

दुसरं, फॉर्म भरले कोणी? साधारण ३० सक्रिय सभासद आणि पाळक असा तो भरला जातो, आणि बहुतेक ठिकाणी पाळकच नावं देतात. म्हणजे जे मागच्या वर्षी गपचूप यायचे बंद झाले त्यांचं मत त्यात नाही, कडेला बसणाऱ्यांचंही नाही. मी दर वेळी कमिटीला विचारतो की गेल्या वर्षात कोण यायचं थांबलं, आणि त्यांना भेटायला कोण गेलं होतं. पहिल्या अर्ध्या भागाची उत्तरं भराभर येतात, दुसऱ्या अर्ध्यावर सगळे टेबलाकडे बघायला लागतात. ही माहिती सर्व्हेत कधीच येत नाही.

तिसरं, सगळ्यात खालचा गुण आधी हातात घ्या असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल. त्यामागे पिपाचं उदाहरण असतं, की ज्या पिपाची एक फळी आखूड आहे त्यात पाणी त्या फळीच्या उंचीइतकंच राहणार. मूळ कल्पना शेतीतली, कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडलेली आणि नंतर युस्टुस फॉन लीबिग यांनी गाजवलेली, की झाडाची वाढ सगळ्यात कमी पडणाऱ्या पोषकद्रव्यावर अडते. विचार चांगला आहे, मी वापरतो, पण आंधळेपणाने नाही. एक तर निरोगी मंडळीत हे आठ गुण जास्त दिसतात म्हणून गुण वाढवले की मंडळी आपोआप वाढते असं सिद्ध होत नाही. आणि याद्याही वेगवेगळ्या आहेत. मार्क डेव्हर या बाप्टिस्ट पाळकांच्या यादीत ९ खुणा आहेत, त्यात बायबलचं वचन उलगडून सांगणारा उपदेश पहिला येतो आणि मंडळीची शिस्त हीसुद्धा एक खूण आहे, जी या आठांत वेगळी म्हणून नाहीच. मला विचाराल तर यादी कुठलीही घ्या, तिचा उपयोग बोलणं सुरू करायला करा, निकाल लावायला नको.

आणि वाचायचा क्रम बदला. सगळ्यात वरचा गुण आधी घ्या. तुमच्या रिपोर्टमध्ये वर काय आलंय ते तुम्ही लिहिलंच नाहीये, बघा! कमिटीचंही तसंच झालं असणार, कोणी तिकडे बघितलंच नसेल. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिस, पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं काढा, तिन्हींत आधी काय चांगलं चाललंय ते सांगितलंय आणि मग 'तरी तुझ्याविरुद्ध' येतं. लावदिकीयाला कौतुक मिळालं नाही हे खरं आहे, पण तुमची मंडळी लावदिकीया आहे असं गृहीत धरून सुरुवात करायची गरज नाही. समजा प्रेमाचे संबंध ६० आहेत आणि छोटे गट ३८, तर याचा अर्थ माणसं एकमेकांना जपतात पण बसून बोलायला जागा नाही. तेच उपासना ६० आणि गट ३८ असेल तर लोक कार्यक्रमाला येतात आणि घरी जातात. खालचा आकडा एकच, पण पुढचा रस्ता वेगळा.

आता पाळक. रिपोर्ट आधी त्यांना एकट्यांना दाखवायला हवा होता, पण तो उघडला गेलाय, ते सोडा. पुढच्या मीटिंगच्या आधी त्यांना एकट्यांना भेटा, रिपोर्ट बॅगेतच ठेवा आणि पहिला अर्धा तास त्याच्याबद्दल बोलूच नका. विचारा की इथे आल्यावर तुम्हाला काय करायचं होतं, त्यातलं काय झालं, काय राहिलं, रविवार संध्याकाळी कसं वाटतं. हा रविवार संध्याकाळचा प्रश्न साधा वाटतो पण पाळकांना तो सहसा कोणी विचारत नाही. मग स्पष्ट सांगा की तुमच्यात आणि ऑफिसमध्ये काय बोलणं होतं. तुमच्याकडून ऑफिसला नक्की काय जातं हे आधी तुम्हालाच माहीत हवं, नसेल तर आजच विचारून घ्या. मी फक्त एवढंच कळवतो की भेटी चालू आहेत आणि मंडळीने कुठलं पाऊल ठरवलंय, तेही मंडळीला दाखवून. बाकी काही नाही. आणि गुप्ततेची हद्दही त्याच भेटीत सांगा, म्हणजे लहान मुलांची सुरक्षितता, कोणावर अत्याचार, किंवा पैशांचा अपहार असं काही कानावर आलं तर मी ते पोटात ठेवणार नाही, जिथे कळवायचं तिथे कळवीन. हे पहिल्याच दिवशी सांगितलं की नंतर कोणी 'तुम्ही तर गुप्त म्हणाला होतात' असं म्हणत नाही.

फोनवरच्या तक्रारींचं उत्तर यातूनच निघतं. कुटुंबांबरोबर काम करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी हे फार नेमकं पकडलंय, की दोघांत ताण वाढला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात, ताण थोडा कमी होतो, आणि मूळ गोष्ट जिथल्या तिथे राहते. तो तिसरा आत्ता तुम्ही आहात. पुढचा फोन आला की ऐकून घ्या, पण लगेच विचारा की हे पाळकांशी बोललात का. नाही म्हणाले तर मत्तय १८ चा रस्ता आहेच, आधी त्याच्याकडे एकांतात जा. 'मी तुमच्याबरोबर येऊ शकते, पण तुमच्याऐवजी जाणार नाही' एवढं एक वाक्य तुमच्या भाषेत तयार ठेवा. काही लोक नाराज होऊन पुन्हा फोन करणार नाहीत, होऊ द्या. मात्र तक्रार वर सांगितलेल्या तीन प्रकारांतली असेल तर हा नियम लागू नाही. अत्याचार झालेल्या माणसाला 'जा, त्याच्याशी एकट्याने बोल' असं कधीही सांगायचं नाही.

मग कमिटीची मीटिंग. इथे 'ताई, सांगा ना काय करायचं' हे येणारच, आणि तुमच्या ओठावर चांगली तीन उत्तरं येतील, ती गिळा. प्रश्न विचारायचे आहेत म्हणून गूढ चेहरा करून बसू नका, माणसं वैतागतात. एखादी माहिती विचारली तर सरळ द्या. पण निर्णय विचारला तर परत करा. जॉन व्हिटमोर, आधी रेसिंग ड्रायव्हर होते नंतर कोचिंगमध्ये आले, त्यांच्यामुळे जो चार टप्प्यांचा क्रम माहीत झाला तोच मी वापरतो. काय हवंय, आत्ता काय आहे, काय काय करता येईल, आणि यातलं नक्की काय करणार. मंडळ्यांत पहिल्या टप्प्यावर सगळे छान बोलतात, चौथ्यावर गप्प होतात, आणि दुसरा टप्पा तर चक्क उडी मारून ओलांडतात. वेळ दुसऱ्यावर द्यायचा.

दुसऱ्या टप्प्यावर मी एक साधी गोष्ट करतो. फळ्यावर डावीकडे मंडळीतली सगळी कामं लिहायची, अगदी कुलूप उघडण्यापासून. माईक, फुलं, संडे स्कूल, कॉयर, आजाऱ्यांच्या भेटी, हिशोब, नोटीस छापणं, नवीन आलेल्यांशी बोलणं. उजवीकडे ते काम आत्ता खरोखर कोण करतं त्याचं नाव, पद कोणाकडे आहे ते नाही. एका मंडळीत हे लिहिताना एकाच बाईंचं नाव परत परत यायला लागलं. चौथ्यांदा आलं तेव्हा कोषाध्यक्ष हसून म्हणाले, अहो त्यांचं नाव वरच लिहा आणि खाली बाण काढा. सगळे हसले. पुढे अजून दोनदा आलं तेव्हा कोणी हसलं नाही. त्या बाई तिथेच होत्या, कडेच्या खुर्चीत, मांडीवर हजेरीची वही. त्यांना विचारलं की तुम्हाला काय वाटतं, तर म्हणाल्या, मला काम जड नाही हो, पण जमतंय का असं कोणी विचारलं नाही कधी. आणि 'नवीन आलेल्यांशी बोलणं' याच्यासमोर काहीच नाव नव्हतं, ती ओळ रिकामीच होती. त्या मंडळीने सर्व्हेतला सगळ्यात खालचा आकडा बाजूला ठेवला आणि आधी त्या यादीवर काम केलं. मला ते बरोबरच वाटलं. सर्व्हेने सांगितलेली गोष्ट लोकांना पटवावी लागते, फळ्यावर स्वतःच लिहिलेली पटवावी लागत नाही.

तुमचा गटांचा विषय असल्यामुळे तुम्ही तोच फळा थोडा वेगळा लिहू शकता. या मंडळीत माणसं आत्ता आपणहून कुठे कुठे भेटतात? कॉयरची प्रॅक्टिस संपल्यावर अर्धा तास थांबून बोलणारे, आजाऱ्याकडे जाताना कायम एकत्र जाणाऱ्या तिघी, ग्रुपवर रोज प्रार्थनेच्या विनंत्या टाकणारे तरुण. बऱ्याचदा गट आधीच असतात, त्यांना कोणी गट म्हटलेलं नसतं आणि त्यांत प्रार्थना किंवा वचन किंवा एकमेकांची विचारपूस यातलं एखादं नसतं. श्वार्त्स यांच्या यादीत नुसते छोटे गट नाहीत, सर्वांगीण छोटे गट आहेत, म्हणजे जिथे वचन माणसाच्या रोजच्या जगण्याला भिडतं. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असे दहा गट असले तरी हा आकडा हलणार नाही.

आणि नवीन गट सुरू करायचाच ठरला, तर त्यांना हे प्रश्न विचारा, उत्तरं त्यांचीच येऊ द्या. एकच गट आधी करायचा का सगळीकडे एकदम? माझं मत एकच. घर एकाचं आणि गट चालवणारा दुसरा असं जमेल का, म्हणजे एकावरच सगळं पडणार नाही. पहिल्या दिवसापासून हाताखाली शिकणारं कोण असेल? किती आठवडे चालवायचा? आठ-दहा आठवडे ठरवून थांबायचं आणि मग विचारायचं की पुढे चालू ठेवायचा का, हे लोकांना सोपं जातं, कारण 'कायमचा गट' म्हटलं की होकार देणारे तेच नेहमीचे चेहरे उरतात. पाळकांनी त्यात नेहमी यायचं का? मला विचाराल तर नको, अधूनमधून येऊ दे, नाहीतर सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत बसतात. गट वाढला की दोन करायचे वगैरे आत्ता काढूच नका, तुटायच्या भीतीने लोक गटात येतच नाहीत.

ठरेल ते एकच पाऊल असू दे, साधारण तीन महिन्यांत होण्यासारखं, आणि त्याच्यापुढे माणसाचं नाव आणि तारीख. 'कमिटी बघेल' असं मिनिट्समध्ये आलं तर परत विचारा, कमिटीतलं कोण. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच, झालं का, आणि नाही झालं तर का नाही झालं. रागावून नाही. नाही झालं यातूनच पुष्कळ कळतं. कधी कळतं की त्यांना ते मुळात नकोच होतं, तुमच्या समाधानासाठी हो म्हणाले होते. तेव्हा योहान ५ मधला प्रश्न उघड विचारावा लागतो, ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसाला प्रभूने विचारलेला, तुला बरं होण्याची इच्छा आहे का. तुमच्या रिपोर्टमध्येही ३८ च आलाय हा निव्वळ योगायोग, त्यावर कोणी उपदेश काढायच्या आधी मीच सांगून टाकतो! पण प्रश्न खरा आहे. त्या माणसाला प्रभूने पुढे खाट उचलून चालायला सांगितलं, तसं बरं झालं की खाट उचलावी लागते, आणि काही मंडळ्यांना तेवढं नको असतं. त्यांनी नाही म्हटलं तर तेही उत्तर म्हणून घ्या, मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही अधिकाराबद्दलही विचारलंय, की पगार नाही, पद नाही, मग माझं कोण ऐकणार. निर्गम १८ परत एकदा कोच म्हणून वाचा. इथ्रो आपल्या जावयाकडे, मोशेकडे आला, आधी सगळी हकिगत ऐकून आनंद केला, दुसऱ्या दिवशी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलेला नुसता बघितला, मग विचारलं की हे तू काय चालवलंयस, एकटाच का बसतोस. मग स्पष्ट सांगितलं की हे बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही. हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेमायचा उपाय सुचवला, आणि तोही देवाची आज्ञा असेल तर कर असं म्हणून. नायक निवडले मोशेने. इथ्रो स्वतः एकाही तंट्याच्या निवाड्याला बसला नाही, आणि काम झाल्यावर आपल्या देशी निघून गेला. पद नव्हतं म्हणूनच त्याला ते बोलता आलं असं मला वाटतं. तुमचंही तसंच आहे, तुम्हाला त्या मंडळीत निवडून यायचं नाही, बदली नको आहे, कोणाच्या जागेवर बसायचं नाही.

फक्त निघून जायची तारीख आधी ठरवा. एक पानी करार लिहा, पाळक, कमिटी आणि तुम्ही तिघांच्या सह्या. किती महिने, किती वेळा भेट, कोण कोण हजर असणार, काय गुप्त आणि काय नाही, तुमचा प्रवासखर्च कोण देणार, आणि दोन्ही बाजूंनी कधी थांबता येईल. स्वयंसेवकाने प्रवासखर्चाचं बोलायला लाजू नये, महिनोनमहिने स्वतःच्या खिशातून जाणारा कोच एक दिवस कारण न सांगता यायचा थांबतो आणि मंडळीला वाटतं आमचंच काहीतरी चुकलं. मुदत साधारण वर्षभर ठेवा, सहा महिन्यांनी बसून बघा. वर्षाच्या शेवटी सर्व्हे परत करायचा असेल तर करा, पण तेवढ्या काळात आकडा फार हलेल अशी आशा कोणाला लावू नका, फॉर्म भरणारी माणसं बदलली तरी तो थोडा इकडेतिकडे होतो.

पुढच्या दोन आठवड्यांचं एवढंच धरा: एक रविवार मागे बसून बघणं, पाळकांची एकट्यांची भेट, ऑफिसला काय कळवायचं ते विचारून घेणं, आणि मग कमिटी. मीटिंग आधीच ठरली असेल आणि पाळकांची भेट होत नसेल तर मीटिंग पुढे ढकला, उलटं करू नका.

तिसऱ्या मंडळीचं म्हणाल तर आत्ता नको म्हणा. दुसरीचं तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे तिकडे अजून नीट बघणं झालेलं नसावं. नोकरी-घर सांभाळून एका वेळी दोन मंडळ्या हे मी बघितलेल्या बहुतेक स्वयंसेवकांसाठी भरपूर होतं, निवृत्त असाल तरी फोन आणि येणंजाणं धरलं तर तेवढंच. संघटनेतल्या वरच्यांना नुसतं नाही म्हणू नका, त्याऐवजी मागा की एखादा नवीन कोच माझ्याबरोबर या दोन ठिकाणी यायला द्या, सहा महिने तो माझ्या शेजारी बसून बघेल आणि तिसरी मंडळी तो घेईल. आणि तुमच्या ट्रेनिंगच्या बॅचमधलं एखादं माणूस गाठा, महिन्यातून एकदा तासभर फोनवर, तुम्ही त्याला विचारायचं आणि त्याने तुम्हाला, मंडळीचं नाव न घेता. तसं कोणी नसेल तर ऑफिसकडे बॅचची यादी असते, त्यातून तुम्हीच दोघांना फोन करा.